परतफेडीची अपेक्षा न ठेवता

७ जून

टिल्ल्या,

पाच फूट अकरा इंच उंची झाली, कानाजवळचे केस पिकले, हाताखाली चाळीस माणसं आली, तरी पत्राच्या सुरुवातीला दुसरं काही लिहायला माझा हात वळत नाही. ऑफिसात कुणी उघडलं तर तुझी पंचाईत होईल, म्हणून घरच्या पत्त्यावर पाठवते आहे.

पैसे आले. बारा लाख. पासबुक भरून देताना बँकेतल्या मुलीने मान वर करून विचारलं, "मावशी, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "नाही गं, मला एक भाऊ आहे." तिला काही कळलं नसावं, पण ती हसली. बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि चांगली पाच मिनिटं रडले. छत्री आतच विसरले, ती आणायला परत गेले तर त्या मुलीने पाण्याचा ग्लास पुढे केला.

तुझं पत्रही पोचलं. कराच्या कामासाठी ते लागतं हे तू फोनवर समजावलंस. सख्ख्या भावाने बहिणीला पैसे दिले तर देणाऱ्यालाही कर नाही, घेणाऱ्यालाही नाही, पण तसा कागद हवा. असू दे कराचा. मला आजवर तू असं काही लिहिलं नव्हतंस. "मी माझ्या थोरल्या बहिणीस ही रक्कम प्रेम व आपुलकीपोटी, परतफेडीची कोणतीही अपेक्षा न ठेवता, कायमची बक्षीस देत आहे." खाली तुझी ती लफ्फेदार सही. बाबांच्या आजारपणात सहा वर्षं मी अर्धा दिवस दुकान बंद ठेवत होते, त्यांच्या आंघोळी, त्यांची औषधं, त्यांचा चिडचिडेपणा, सगळं एकटीने. तू दर महिन्याला फोन करून "कसे आहेत?" विचारायचास. मी कधी बोलून दाखवलं नाही, पण मनात होतं. हे पत्र वाचलं आणि ते गेलं. तुला ते दिसलं होतं तर!

आता तुझ्या ताईचा वेडेपणा ऐक. सव्वीस वर्षं फ्रेमा करताना मी गिऱ्हाइकांना बजावत आले आहे की मूळ कागद कधी चिकटवायचा नसतो. कोपऱ्यात अडकवायचा, म्हणजे पुन्हा काढता येतो. कुणी ऐकलं नाही तर मी काम परत करते. आणि परवा दुपारी मी स्वतःच्या हाताने तुझं पत्र बोर्डावर ठेवलं आणि गरम प्रेसखाली दाबून कायमचं चिकटवलं. पुन्हा काढायचंच नव्हतं मला ते. चांगली सागवानी पट्टी लावली, काच घातली आणि गल्ल्याच्या वर टांगलं.

दुकानाची मालकीणबाई जागेचे सतरा लाख मागते आहे, मार्चअखेरपर्यंत. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे आणि ते इथे मोबाइल विकणार. माझ्याकडचे पाच लाख मी काल विसार म्हणून देऊन टाकले. उरलेले तुझे बारा. हिशेब कसा पट्टीला पट्टी जुळावी तसा जुळला बघ.

फोन ठेवता ठेवता तू घाईघाईने आणखी काहीतरी म्हणालास. नेमकं तेव्हा गिऱ्हाईक आलं होतं, लक्ष नव्हतं माझं. महत्त्वाचं असेल तर कळव.

तुझी ताई

१४ ऑक्टोबर

टिल्ल्या,

तुझा फोन ठेवला आणि दुकान तसंच उघडं टाकून बँकेत पळाले. समोरच्या शिंप्याला लक्ष ठेवायला सांगितलं. तीन लाख तुझ्या बायकोच्या खात्यात सकाळीच पोचले असतील. तू पाठवलेल्या कागदावर सही केली आहे, "भावजयीस आजारपणासाठी बक्षीस". अशा वेळीही तुला कागद चोख लागतो. अगदी बाबांवर गेलायस.

पण ऑपरेशन कसलं, ते तरी सांग ना रे. "पोटाचं" म्हणालास. पोटात बरंच काही असतं. तिला फोन करू नको, ती खचली आहे, कुणाला कळलेलं तिला आवडणार नाही, असं तू तीनदा बजावलंस म्हणून गप्प बसले आहे. गप्प बसणं मला किती जड जातं ते तुला माहीत आहे. चार दिवस दुकान बंद करून येते, तुला निदान दोन वेळचं गरम जेवण मिळेल, तर "मुळीच येऊ नकोस." बरं बाबा.

पैसे परत करायची घाई करू नकोस. मालकीणबाईशी मी बोलून बघते. दुकानाचं काही तरी होईल. माणूस महत्त्वाचा. डॉक्टर काय म्हणाले ते दोन ओळींत कळव, नाहीतर माझ्या हातून काचा फुटत राहतील. आज दोन फुटल्या.

ताई

२९ नोव्हेंबर

भावास,

तुझ्या कर सल्लागाराच्या कचेरीतून आज जाड पाकीट आलं. आत चार कागद आणि कारकुनाची चिठ्ठी: "मॅडम, पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही करून तिन्ही फॉर्म परत पाठवावेत." बिचाऱ्याला बहुतेक एकेक पाठवायला सांगितलं असेल. त्याने टपालखर्च वाचवला.

तीन फॉर्म माझ्या नावाचे. सगळं टाइप करून तयार. मी माझ्या भावजयीला जानेवारीत तीन लाख बक्षीस देते आहे, भाचीच्या शिक्षणासाठी. एप्रिलमध्ये तीन लाख, घराच्या दुरुस्तीसाठी. जुलैमध्ये तीन लाख, तिच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त. मी इतकी दिलदार आहे हे मला आजच कळलं.

चौथा कागद एक तक्ता आहे. तो मला पाठवायचा नसणार. त्यात सगळ्यात वर माझं नाव आणि बारा लाख. खाली चार ओळी, महिना, रक्कम, कारण. पहिली ओळ: ऑक्टोबर, तीन लाख, आजारपण. तिच्यापुढे बरोबरची खूण. तक्त्याच्या तळाशी तारीख आहे, २८ मे.

मे महिन्यातच तुम्हाला ठाऊक होतं की ती ऑक्टोबरमध्ये आजारी पडणार.

मी तो कागद गल्ल्यावर ठेवला आणि तुझ्या घरी फोन लावला. तिनेच उचलला. मी विचारलं, "आता बरं वाटतंय का गं? टाके सुकले?" ती म्हणाली, "कसले टाके, ताई? मी ठणठणीत आहे. आत्ताच चालून आले. बरं झालं फोन केलात, पुढच्या हप्त्याचं कागदपत्र मिळालं ना तुम्हाला?"

हप्ता म्हणाली. इतक्या सहजपणे, दूधवाल्याबद्दल बोलावं तसं. तिचा दोष नाही, तिला वाटलं मी यात आहे. सगळे यात होते. सल्लागार, त्याचा कारकून, ती, तू. जिच्या सहीवर हे सगळं चालणार होतं तिलाच काय ते माहीत नव्हतं.

खोटं आजारपण, टिल्ल्या? बायकोचं? त्या आठवड्यात मला रात्री झोप लागेना. पैसे हवे होते तर मागायचे होतेस. मी शिव्या घातल्या असत्या आणि दिले असते. तू केसाने गळा कापलास.

सही मी केलेली नाही. पेन्सिलच्या फुल्या मात्र खोडून टाकल्या.

९ डिसेंबर

भावास,

काल फोनवर तू आवाज चढवलास म्हणून मी ठेवून दिला. लिहिताना तुला मध्ये तोडता येत नाही, म्हणून हे पत्र.

तू जे समजावलंस ते माझ्या डोक्यात शिरलं. मी फ्रेमा करते, मठ्ठ नाही. नवऱ्याने बायकोला पैसे दिले की त्यावरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, आणि तुझा कर सगळ्यात वरच्या टप्प्यातला. नणंदेने दिले तर व्याज बायकोचं, आणि तिला कर शून्य. म्हणून तुझ्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे. "ताई, अगं सगळेच करतात हे. यात तुझं काय गेलं?"

काय गेलं ते सांगते. नऊ लाख परत केले तर मार्चअखेर मालकीणबाईला द्यायला माझ्याकडे काही नसेल. मग विसाराचे पाचही गेले, माझे, एकेक खिळा ठोकून साठवलेले. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मी दारात उभी, सव्वीस वर्षांच्या पट्ट्या, काचा, कापायचं यंत्र रस्त्यावर. एवढं गेलं. हे तुला जूनमध्ये पत्राने कळवलं होतं. तू ते वाचलंस. वाचून ऑक्टोबरमध्ये बायकोला आजारी पाडलंस.

तू म्हणालास, "पैसे माझे आहेत." मग तुझ्या अक्षरात माझ्या भिंतीवर काय टांगलंय? तू म्हणालास, "ती कागदावरची भाषा असते, सल्लागाराने सांगितलेलं वाक्य आहे, सगळे तेच लिहितात." हे तू बोललास तेव्हा मला खरं लागलं. बारा लाखांचं काय ते आपण बघून घेऊ. पण ते वाक्यसुद्धा तुझं नव्हतं? प्रेम, आपुलकी, थोरली बहीण, हे त्या माणसाने सांगितलं आणि तू उतरवून घेतलंस? मी सहा महिने रोज सकाळी दुकान उघडलं की आधी त्याची काच पुसते, रे. गिऱ्हाइकांना वाचून दाखवते. त्या शिंप्याच्या बायकोने माझ्यासमोर तिच्या भावाला फोन करून सुनावलं, "शीक जरा!"

मला मामा बनवलंस ते एक वेळ सोड. पण बाबांची सहा वर्षं कुणीतरी पाहिली असं मला वाटलं होतं, ते तू काढून घेतलंस. ते कुठल्या हप्त्यात परत करणार आहेस?

आणि हो. "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं" असं तू दोनदा म्हणालास. त्याबद्दल मी आज काही लिहीत नाही.

६ फेब्रुवारी

भावास,

मलाही नोटीस आली आहे. तुझ्या खात्यातून बहिणीला बक्षीस गेलेलं दिसलं, तुझ्या बायकोच्या खात्यात नणंदेकडून बक्षीस आलेलं दिसलं, आणि कर कार्यालयातल्या कुणीतरी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एवढी हुशारी करणाऱ्या सल्लागाराला हे सुचलं नाही का, असं मी तुला विचारणार होते. पण तो आता फोन उचलत नाही असं कळलं.

मला १९ तारखेला बोलावलं आहे, तुला त्यानंतरच्या सोमवारी. मूळ बक्षीसपत्र सोबत आणायचं आहे.

"ते पत्र आजच्या आज कुरिअरने पाठव, मी दुसरं बनवून घेतो," म्हणालास. पाठवता येत नाही. ते चिकटलं आहे, हे मी तुला जूनमध्येच लिहिलं होतं, पण तू माझ्या पत्रांतले आकडे तेवढे वाचतोस. सोलायला गेलं तर कागदाचा चोथा होईल. "तू कसं काय चिकटवलंस? तुझा तर धंदा आहे हा!" असं ओरडलास. बरोबर आहे. धंद्यातली एवढी मोठी चूक मी एकदाच केली, तुझ्या सहीसाठी.

रडलास ते मला ऐकू आलं. दंड, व्याज, नोकरीतली बदनामी, मुलीचं लग्न ठरतंय. "ताई, तुझ्या हातात आहे आता." हो, आहे. लहानपणी रस्ता ओलांडताना माझं बोट मोडेल इतकं घट्ट धरायचास, तसाच आवाज होता. मी "बरं" म्हणायला तोंड उघडलं होतं. त्याचा मला राग आला.

काय सांगणार ते मी ठरवलेलं नाही.

२० फेब्रुवारी

टिल्ल्या,

काल जाऊन आले. सोमवारच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून जादा तिकीट लावून पाठवते आहे. नीट वाच. या वेळी आकडे कमी आहेत.

चौथ्या मजल्यावरची लांब खोली आहे. भिंतीला लोखंडी कपाटं, फायलींवर फायली. अधिकारी बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, चष्मा गळ्यात लटकवलेला. मी बेडशीटमध्ये गुंडाळलेली फ्रेम टेबलावर ठेवली आणि सोडली. त्या बघतच राहिल्या. "मी पत्र आणायला सांगितलं होतं," म्हणाल्या. मी म्हटलं, "हेच पत्र आहे." शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून बघायला आला. बाईंनी काचेवरून बोट फिरवत सगळं वाचलं, मग फ्रेम उलटी करून मागून पाहिली, पुन्हा सुलटी केली. "हे तुम्ही कधी केलंत?" मी म्हटलं, "पत्र आलं त्याच आठवड्यात." त्यांनी ते लिहून घेतलं. परत द्यायच्या पैशांचं पत्र कुणी फ्रेम करून दुकानात लावत नाही, हे त्यांनाही कळत असणार.

मग शपथ घ्यायला लावून त्यांनी विचारलं, "ही रक्कम पुढे भावजयीला द्यायची, असं आधी ठरलं होतं का? बहिणीमार्फत पैसे बायकोकडे वळवले तर आम्ही ते नवऱ्यानेच दिले असं धरतो. विचार करून उत्तर द्या."

आता ते लिहिते, जे डिसेंबरमध्ये टाळलं. जूनमधल्या त्या फोनच्या वेळी गिऱ्हाईक आलं नव्हतं. दुकानात कुणीच नव्हतं. तू म्हणालास, "थोडे दिवस तुझ्याकडे असू दे, मग काय करायचं ते सांगतो." मला स्वच्छ ऐकू आलं. दोन दिवसांनी तुझं पत्र आलं, त्यात "कायमची" असं होतं. दोन्हींपैकी मला जे हवं होतं ते मी खरं धरलं आणि घाईघाईने चिकटवून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी विसार दिला, म्हणजे तुला मागता येऊ नये. मीही फार सोवळी नाही. पण तुला आठवण करून दिली असती तर तू तुझ्या तोंडाने "परत दे" म्हणाला असतास, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. तू ते म्हणाला असतास तर आपण भांडलो असतो आणि संपलं असतं. तू तक्ता केलास.

बाईंना मी सांगितलं, "माझ्याशी काहीही ठरलं नव्हतं. भावाने दिले ते मला दिले. भावजयीची अडचण कळली म्हणून तीन लाख मी माझ्या मर्जीने दिले. बाकीचे माझ्या दुकानाला लागणार आहेत." विसाराची पावतीही दाखवली. त्यांनी विचारलं, "त्यांनी एवढी मोठी रक्कम का दिली असेल?" मी फ्रेमकडे बोट केलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या शब्दांत सांगा." मग मी म्हटलं, "आमच्या वडिलांना मी सहा वर्षं सांभाळलं. त्याने ते लक्षात ठेवलं. त्याचा माझ्यावर जीव आहे." त्यांनी लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. जन्मात पहिल्यांदा शपथेवर खोटं बोलले.

तर तू सुटतोस. पण कसा सुटतोस ते समजून घे. बक्षीस खरं असेल तरच तू सुटतोस, आणि बक्षीस खरं असेल तर नऊ लाख माझे आहेत. तिसरी वाट नाही. उरलेल्या तीन लाखांचे मालकीणबाईने दोन वर्षांचे हप्ते करून दिले आहेत, ते मी फेडीन. ते तीन फॉर्म आणि तो तक्ता कुठे आहे हे तू विचारशील. त्या चिकटवलेल्या बोर्डाच्या आणि पाठीच्या पुठ्ठ्याच्या मध्ये ठेवून मी मागून कागदी पट्टीने बंद केलं आहे. काल बाईंनी फ्रेम उलटी करून धरली तेव्हा ते आतच होते. घाबरवायला सांगत नाही. फेकवत नाहीत आणि समोरही नको आहेत, एवढंच.

फ्रेम पुन्हा गल्ल्यावर टांगली आहे. खिळा तिथेच होता. काच मात्र आज पुसली नाही.

सोमवारी साडेअकराला तुला तोच प्रश्न विचारतील. बाई डोळ्यांत बघून विचारतात आणि उत्तर येईपर्यंत बघत राहतात. कागद समोर नसेल, कारण तो माझ्याकडे आहे. "आपल्या शब्दांत सांगा" म्हणतील. बाबांच्या खोलीला कुठला रंग होता, ते शेवटी कुणाला ओळखत होते, औषधं किती वाजता असायची, असलं काही विचारलं तर तुला सांगता येणार नाही, म्हणून मागच्या पानावर सगळं लिहून दिलं आहे. पाठ कर. आणि पत्रातलं ते वाक्यही पाठ कर. मी तिथे नसेन. पण एकदा तरी, कुणाच्या तरी समोर उभा राहून, तू ते तुझ्या तोंडाने म्हण.

ताई